खांद्यात प्लेट बसली, हात वर कधी जाणार?

ताई, टाके निघाले म्हणून हात लगेच वर जाईल असं धरून चालू नका. परभणीत पाय घसरून माझाही खांदा असाच मोडला होता. प्लेट हाड धरून ठेवते, पण ते जुळायला 6 ते 12 आठवडे लागतातच. तोवर घागर, बादली उचलायची नाही. बोटं, मनगट, कोपर मात्र हलवत राहा.

डॉक्टरांनी परवानगी दिली की झुलवण्यापासून सुरुवात करा. चांगला हात टेबलाला टेकवून कमरेत वाका, दुखरा हात पोहऱ्यासारखा सैल सोडा आणि अंग हलवून त्याला झोका द्या. खांद्याचा जोर लावायचा नाही. पुढे भिंतीवर बोटं चालवत वर न्यायची. मी रोज पेन्सिलीनं खूण करायचे. आठ-आठ दिवस खूण जागची हलायची नाही, रडू यायचं. मग एका सकाळी माझी मीच वेणी घातली!

चोळणाऱ्याकडे अजिबात जाऊ नका. शुगर असेल तर सांभाळा, नाहीतर खांदा जास्त आखडतो. मिश्री सोडा, तंबाखूनं हाड उशिरा जुळतं. ताप आला, जखमेतून पाणी आलं, बोटं बधिर झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि रात्री उताणं झोपताना कोपराखाली गोधडीची घडी ठेवा, ठणका कमी होतो.