'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' आणि 'गेम ऑफ थ्रोन्स' पाहून झाले. आता एपिक फँटसी वाचायला कोणत्या लेखकापासून सुरुवात करावी?

पडद्यावरच्या दोन्ही कथा पाहून झाल्या आहेत, शिक्षण मराठी माध्यमातून झाल्यामुळे इंग्रजी वाचनाचा वेग बेताचा आहे आणि एकदा हाती घेतलेली कथा अर्धवट राहू नये अशी इच्छा आहे, असे आपण प्रश्नात म्हटले आहे. या तिन्ही गोष्टी लक्षात घेऊन माझे उत्तर असे की रॉबिन हॉब यांच्या 'फारसीअर' त्रयीपासून सुरुवात करावी. 'असॅसिन्स अप्रेंटिस' (1995), 'रॉयल असॅसिन' (1996) आणि 'असॅसिन्स क्वेस्ट' (1997) अशी ही तीन पुस्तके आहेत आणि त्यांतली मूळ कथा तिसऱ्या पुस्तकात पूर्ण होते.

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिणारे टॉल्किन आणि ज्यांच्या पुस्तकांवर 'गेम ऑफ थ्रोन्स' आधारलेली आहे ते मार्टिन, हे दोन दिग्गज बाजूला ठेवून हॉब यांचे नाव पुढे का करतो, हे सांगायला हवे. नकाशे, राजघराणी, लढाया आणि ड्रॅगन या प्रकारातल्या बहुतेक लेखकांकडे असतात. राज्य टिकवण्यासाठी एका माणसाकडून काय काय वसूल केले जाते, हे मात्र हॉब यांच्याइतके जवळून दुसऱ्या कोणी दाखवल्याचे माझ्या वाचनात नाही. कथानायक फिट्झ हा युवराजाचा अनौरस मुलगा. सहा वर्षांचा असताना त्याचा आईकडचा आजोबा त्याला आणून सैनिकांच्या हवाली करतो आणि पुढे तो तबेल्यात, कुत्र्यांच्या सोबतीने वाढतो. पहिल्या पुस्तकातला एक प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. मेजवानी आटोपल्यावर हा पोरगा एका पिल्लाबरोबर उरलेसुरले खात असताना राजा श्रूड तिथे येतो. सोबत असलेल्या धाकट्या राजपुत्राला तो समजावतो की अनौरस मूलही कामाला येते, फक्त आपण त्याचे काय करायचे ते दुसऱ्या कोणी ठरवण्याआधी आपणच ठरवावे. मग तो मुलाशी सरळ सौदा करतो: अन्न, वस्त्र आणि शिक्षण मी देईन, त्या बदल्यात तुझी निष्ठा माझी. खूण म्हणून तो त्याच्या सदऱ्याला लाल खड्याची एक छोटी पिन लावतो. राजाच्या बोलण्यात क्रौर्य नाही, उलट एक प्रकारचा प्रामाणिकपणा आहे आणि म्हणूनच तो प्रसंग अंगावर येतो. पुढे तीन पुस्तकांत फिट्झ जे जे गमावतो, त्या सगळ्याचे मूळ या सौद्यात आहे.

आपल्या दृष्टीने आणखी एक सोय अशी की संपूर्ण कथा फिट्झ स्वतःच सांगतो. निवेदक एकच असल्यामुळे चार दिवसांचा खंड पडला तरी धागा हातचा सुटत नाही. उणिवाही सांगतो. वेग संथ आहे, मुख्य खलनायकाला इतर पात्रांसारखी खोली लाभलेली नाही आणि तिसऱ्या पुस्तकातला लांबलचक प्रवास संयमाची परीक्षा पाहतो. शिवाय दुःख भरपूर आहे, त्यामुळे हलकेफुलके काही वाचण्याची इच्छा असेल तर ही त्रयी तूर्त बाजूला ठेवावी.

टॉल्किन अवश्य वाचावेत, पण दुसऱ्या टप्प्यावर. 1954 आणि 1955 या दोन वर्षांत तीन खंडांत प्रसिद्ध झालेली ही कथा लिहिणारा माणूस ऑक्सफर्डमध्ये जुन्या इंग्रजीचा प्राध्यापक होता, आणि त्याच्या वाक्यांना त्या जुन्या साहित्याची लय आहे. ती लय कानात बसायला वेळ लागतो. चित्रपट पाहिलेल्या वाचकाला सुरुवातीची गतीही खटकेल, कारण अंगठीचा आधीचा धनी बिल्बो गाव सोडून गेल्यानंतर नायक फ्रोडो प्रवासाला निघेपर्यंत पुस्तकात तब्बल 17 वर्षे जातात. तरीही शेवटाजवळचे एक प्रकरण केवळ पुस्तकातच आहे आणि तेवढ्यासाठीही हे तीन खंड वाचणे सार्थकी लागते. अंगठी नष्ट करून चौघे मित्र घरी परततात तेव्हा त्यांचे शायर प्रांतातले गाव गुंडांच्या ताब्यात गेलेले असते, झाडे तोडलेली असतात आणि गावकरी दबून राहत असतात. चित्रपटांत गाव जसेच्या तसे भेटते. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या सोमच्या रणभूमीवर लढून आलेल्या लेखकाने ते तसे ठेवले नाही, आणि जिंकून परतलेल्या फ्रोडोची जखमही पूर्ण भरू दिली नाही. माझ्या मते संपूर्ण ग्रंथातले सर्वांत खरे लेखन हेच आहे.

जॉर्ज मार्टिन यांच्याबाबत मात्र मी आपल्याला थांबायला सांगेन. लेखक म्हणून त्यांचा दर्जा वादातीत आहे. प्रत्येक प्रकरण एकेका पात्राच्या नजरेतून लिहिण्याची त्यांची पद्धत इतकी प्रभावी आहे की ज्याचा तिरस्कार वाटत होता, त्याच्याच बाजूने आपण दोनशे पानांनंतर विचार करू लागतो. 2000 साली आलेला तिसरा खंड, 'अ स्टॉर्म ऑफ स्वोर्ड्स', कथानकाच्या बांधणीचा उत्कृष्ट नमुना आहे. परंतु नियोजित सात खंडांपैकी पाचवा 2011 मध्ये आला आणि त्यानंतरचा सहावा अद्याप वाचकांच्या हाती पडलेला नाही. अर्धवट कथेची आपल्याला चीड असेल तर या वाटेला जाऊ नये. पॅट्रिक रॉथफस यांच्या 'द नेम ऑफ द विंड'लाही हेच लागू पडते. तिथे तिसऱ्या पुस्तकाची प्रतीक्षा 2011 पासून चालू आहे.

रॉबर्ट जॉर्डन यांची 'व्हील ऑफ टाइम' ही मालिका 1990 मध्ये सुरू झाली. युगे चक्रासारखी फिरतात आणि पुन्हा परत येतात ही तिची मध्यवर्ती कल्पना आहे, आणि युगचक्राची कल्पना लहानपणापासून ऐकलेल्या वाचकाला ती समजावून सांगावी लागत नाही. 2007 मध्ये जॉर्डन यांचे निधन झाले आणि त्यांनी मागे ठेवलेल्या टिपणांच्या आधारे ब्रँडन सँडरसन यांनी शेवटचे तीन खंड लिहून 2013 मध्ये मालिका पूर्ण केली. एकूण 14 खंड आहेत. मधल्या काही खंडांत कथा जवळजवळ जागची हलत नाही, म्हणून पहिलीच मालिका म्हणून मी हिची शिफारस करणार नाही.

फिट्झचे दुःख नको आणि वेगवान कथा हवी असेल, तर सँडरसन यांचीच 'मिस्टबॉर्न' त्रयी घ्यावी. ती 2006 ते 2008 या काळात पूर्ण झाली. भाषा सोपी आहे, शब्दकोश फारसा उघडावा लागणार नाही. यातली जादू नियमांनी बांधलेली आहे: पात्रे धातूचे कण गिळतात आणि ते शरीरात 'जाळून' शक्ती मिळवतात. पोलादाने आसपासच्या धातूच्या वस्तू दूर ढकलता येतात, लोखंडाने त्या ओढता येतात, कथिलाने दृष्टी आणि श्रवण तीक्ष्ण होते. ढकललेली वस्तू आपल्यापेक्षा जड असेल तर आपणच मागे फेकले जातो, त्यामुळे हवेतल्या मारामाऱ्याही बुद्धिबळाच्या डावासारख्या वाचता येतात. गद्यात मात्र हॉब यांचा ओलावा नाही आणि पात्रे आपल्या भावना अनेकदा बोलूनच दाखवतात.

सहा-सातशे पानांचे पुस्तक हाती घेण्याचेच दडपण येत असेल, तर अर्सुला ले ग्वीन यांचे 1968 मधले 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' आधी वाचावे. ते सुमारे दोनशे पानांचे आहे. गर्वाच्या भरात एका मुलाकडून एक अशुभ सावली जगात सोडली जाते आणि ती त्याच्या मागे लागते, एवढीच कथा; पण त्यात एक वाक्य अनावश्यक नाही. नायक गेड हा तांबूस-तपकिरी वर्णाचा आहे, आणि गोऱ्या नायकांनी भरलेल्या त्या काळच्या फँटसीत ले ग्वीन यांनी हे हेतुपुरस्सर केले होते.

हॉब आवडल्या, तर त्रयीनंतर क्रम मोडू नये. पुढची 'लिव्हशिप ट्रेडर्स' त्रयी दुसऱ्याच किनाऱ्यावर, वेगळ्या पात्रांसह घडते म्हणून अनेक जण ती वगळून थेट फिट्झच्या पुढच्या कथेकडे, म्हणजे 'टॉनी मॅन' त्रयीकडे वळतात. तसे केल्यास 'टॉनी मॅन'मधले काही महत्त्वाचे उलगडे आधीच कळतात आणि जहाजांच्या कथेतली, म्हणजे 'लिव्हशिप ट्रेडर्स'मधली, मोठी रहस्ये फुकट जातात.