हॉटेलची नोकरी, रात्रपाळी आणि घरातला हृदयविकार

नमस्कार ताई,

तुमची मुलगी हॉटेल मॅनेजमेंटच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिच्या हातात दोन ऑफर आहेत. एक फ्रंट ऑफिसची, म्हणजे रिसेप्शनची, तिन्ही पाळ्या आलटून-पालटून. दुसरी रेस्टॉरंट सर्व्हिसची, रात्रपाळी नाही पण ब्रेक शिफ्ट, म्हणजे एकाच दिवसाची ड्यूटी दोन तुकड्यांत. तिच्या वडिलांना ४६व्या वर्षी हार्ट अटॅक येऊन गेलाय. म्हणून हे क्षेत्रच सोडावं का, नाहीतर निदान रात्रपाळी नसलेली ऑफर घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय.

क्षेत्र सोडायचं कारण मला दिसत नाही. आणि या दोन ऑफरींत मी फ्रंट ऑफिस निवडायला सांगेन, रात्रपाळी असूनही.

आधी धोका केवढा ते पाहू. २०१२ साली अनेक देशांतल्या ३४ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. पाळ्यांत काम करणाऱ्यांमध्ये हार्ट अटॅकचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी जास्त आढळलं. म्हणजे एखाद्या वयोगटात हजारात दहा जणांना अटॅक येत असेल, तर इथे बारा-तेरा. विशीतल्या मुलीसाठी आजचा आकडा फारच लहान असतो. पण वर्षं साठत जातात तसा तो वाढतो, आणि वडिलांमुळे तिची सुरुवातच इतरांपेक्षा थोडी पुढून आहे. दुसरा आकडा कामाच्या तासांचा. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२१च्या अहवालानुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा जास्त तास करणाऱ्यांत हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी आणि पक्षाघाताचा ३५ टक्क्यांनी जास्त असतो. हॉटेलात सहा दिवस रोज साडेनऊ तास झाले की ५७ होतात, आणि ते कुणाला ओव्हरटाइमही वाटत नाही.

ब्रेक शिफ्टची गोम इथेच आहे. रोस्टरवर (ड्यूटीच्या वेळापत्रकावर) ११ ते ३ आणि ७ ते ११, एकूण आठ तास. प्रत्यक्षात मांडामांडीसाठी साडेदहाला हजर. शेवटचं टेबल अकरा चाळीसला उठतं, मग बिलिंग बंद करणं, कटलरी पुसणं, साइड स्टेशन भरणं, की साडेबारा. घरी एक. डोक्यातली धावपळ थांबून डोळा लागेपर्यंत दोन. दुसऱ्या दिवशी सातची ब्रेकफास्ट ड्यूटी लागली तर साडेपाचला उठायचं, झोप साडेतीन तास. मधल्या चार तासांत घरी जाऊन येणं बहुतेकांना परवडत नाही, ते लॉकर रूममध्ये चहा, मोबाइल आणि सिगारेटवर जातात. (या धंद्यात सिगारेट पुष्कळदा दोन मिनिटं बाहेर पडायला मिळावं म्हणून सुरू होते. हृदयाचं मोठं नुकसान ती करते.)

फ्रंट ऑफिसला पाळीची वेळ बरीच पाळली जाते, कारण समोर हँडओव्हर घेणारा येतो. रेस्टॉरंट मात्र पाहुणा उठेल तेव्हा सुटतं.

शरीरात काय होतं? झोपेत रक्तदाब साधारण १० ते २० टक्क्यांनी उतरतो, तेवढीच रक्तवाहिन्यांना विश्रांती. झोप तुटकी किंवा भलत्या वेळी झाली की हा उतार पुरेसा येत नाही. शिवाय रात्री इन्सुलिनचं काम मंदावतं, त्यामुळे दुपारी सहज पचणारं ताट रात्री दोनला खाल्लं तर साखर जास्त चढते. २०२१च्या एका प्रयोगात रात्रपाळीसारखी दिनचर्या ठेवून काहींना रात्रीही जेवू घातलं, त्यांची सरासरी साखर ६.४ टक्क्यांनी वाढली. फक्त दिवसा जेवणाऱ्यांची वाढली नाही. म्हणून तिने मुख्य जेवण ड्यूटीआधी, संध्याकाळी सात-आठला घ्यावं. भूक लागली तर बाराच्या आसपास थोडंसं, आणि एक ते सहा शक्यतो पाणीच. स्टाफ कॅफेटेरियात रात्री बहुधा बुफेतलं उरलेलं तळलेलं आणि गोड असतं, खरा मोह तिथे. कॉफी झोपायच्या सहा तास आधी बंद.

झोपेसाठी एक युक्ती उपयोगी पडते: रोज निदान चार तास ठरलेल्या वेळीच झोपायचं, सुट्टीच्या दिवशीही. रात्रीच्या आठवड्यात सकाळी साडेआठ ते साडेतीन झोपत असेल, तर सुट्टीला पहाटे चार ते दुपारी साडेबारा झोपावं. साडेआठ ते साडेबाराचा तुकडा कायम राहतो. सुट्टीला एकदम रात्री दहाला झोपून सकाळी सहाला उठणाऱ्याला दर आठवड्याला परदेशी जाऊन आल्यासारखं होतं. खोलीत पूर्ण अंधार हवा, आणि त्या वेळात घरच्यांनी फोन करायचा नाही. ताई, यात तुम्हीही आलात!

ऑफर स्वीकारण्यापूर्वी तिने एचआरकडून नव्हे, त्याच विभागात काम करणाऱ्या कुणाकडून विचारून घ्यावं. रोस्टर किती दिवस आधी लागतं? सलग किती रात्री येतात? दोन-तीन ठीक, सहा-सात नकोत. पाळ्या सकाळ, संध्याकाळ, रात्र अशा पुढे सरकतात का? शरीराचं घड्याळ चोवीस तासांहून किंचित जास्त चालतं, त्यामुळे उशिरा झोपणं जमतं, लवकर झोपणं जड जातं. दोन ड्यूट्यांत ११ तासांचं अंतर मिळतं का? नसेल तर बाकी सगळं गोड असूनही विचार करावा.

फ्रंट ऑफिसचा आणखी एक फायदा म्हणजे तिथून वाट निघते. दोन-तीन वर्षांच्या अनुभवावर रिझर्व्हेशन, रेव्हेन्यू मॅनेजमेंट (खोल्यांचे दर ठरवणं), सेल्स किंवा ट्रेनिंगकडे वळता येतं, ही बहुतेक दिवसाची कामं. नर्सेसच्या मोठ्या अभ्यासात रात्रपाळी सोडल्यावर जितकी वर्षं उलटली तितका धोका कमी दिसला, म्हणजे सुरुवातीच्या रात्रींचं ओझं जन्मभर तसंच राहत नाही. बेकरीकडे मात्र दिवसाचं काम समजून वळू नये, तिथली पाळी पहाटे तीन-चारला सुरू होते.

तपासण्या रुजू होण्याआधी. वडिलांना ५५च्या आत हृदयविकार झाला, तर डॉक्टर मुलांकडे वेगळ्या नजरेने पाहतात, मग नोकरी कुठलीही असो. लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची तपासणी) आणि साखर करून घ्या. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १९० किंवा वर निघालं तर आनुवंशिक कारणाची शक्यता असते, तेव्हा भावंडांचीही तपासणी लागेल. घरी दंडावर बांधायचं रक्तदाब यंत्र ठेवा. मोठी झोप झाल्यावर, चहा-कॉफीआधी, पाच मिनिटं टेकून बसून, एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं. असं आठवडाभर, दर सहा महिन्यांनी. सरासरी १३५/८५ किंवा वर राहिली तर त्या नोंदींची वही घेऊन डॉक्टरांकडे जायचं. ड्यूटीवर छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, घाम असं काही झालं तर पित्त म्हणून गोळी घेऊन शिफ्ट पुरी करायची नाही. लगेच रुग्णवाहिका बोलवायची आणि स्वतः गाडी चालवत जायचं नाही.