दाट केलेलं दूध कधी पातळ, कधी खळीसारखं का होतं?

प्रश्न: दीड वर्षाच्या मुलाला पातळ पेयांनी ठसका लागतो. गिळण्याच्या तपासणीनंतर सगळी पेयं ‘लेव्हल २’ (पेयांच्या दाटपणाच्या मापातली एक पायरी) इतकी दाट करून द्यायला सांगितलं आहे. पेय दाट करणारी झँथन गमची पावडर मोजूनच घालतो. पाणी नीट होतं, दूध मात्र एकदा पातळ, एकदा खळीसारखं. असं का?

उत्तर: बहुधा दुधाला पुरेसा वेळ मिळत नाही. या पावडरीने पाणी लवकर दाट होतं. दुधाला बराच जास्त वेळ लागतो. तोवर ते पातळच दिसतं, म्हणून आणखी अर्धा चमचा पडतो आणि थोड्या वेळाने सगळंच घट्ट होऊन बसतं. ढवळत ढवळत पावडर घाला, डब्यावर दुधासाठी दिलेला वेळ थांबा, पुन्हा ढवळा. गुठळ्या राहिल्या तर ते दूध देऊ नका.

मग मोजा, नजरेवर विसंबू नका. १० मिलीची सिरिंज घ्या. तिच्यावरच्या ० ते १० खुणांमधलं अंतर ६१.५ मिमी हवं, कारण सगळ्या सिरिंज सारख्या नसतात. दट्ट्या काढा, खालचं तोंड बोटाने बंद करून १० पर्यंत दूध भरा, बोट काढा आणि बरोबर १० सेकंदांनी पुन्हा लावा. ४ ते ८ मिली उरलं तर लेव्हल २. त्याहून कमी उरलं तर पातळ, जास्त उरलं तर घट्ट. बाळाला ज्या तापमानाला देणार, त्याच तापमानाला तपासा.

ठसका थांबला म्हणून दाटपणा स्वतःहून कमी करू नका. काही मुलांच्या श्वासनलिकेत पेय जातं, तरी खोकला येत नाही.

प्रश्न: तीन महिन्यांच्या बाळासाठी काढलेल्या आईच्या दुधात ते दाट व्हावं म्हणून तांदळाचं सिरिअल घातलं. काही मिनिटांत ते पुन्हा पातळ झालं.

उत्तर: होणारच. आईच्या दुधातलं अमायलेज हे पाचक एन्झाइम सिरिअलमधलं स्टार्च तोडतं. सिरिअल वाढवून उपयोग नाही. झँथन गमकडेही वळू नका. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ मध्ये अशा एका उत्पादनाबद्दल मुदतपूर्व बाळांसाठी इशारा दिला आणि २०१२ मध्ये तो कोणत्याही वयाच्या तान्ह्या बाळांपर्यंत वाढवला. आतड्याचा गंभीर दाह, हे त्यामागचं कारण. आधी गिळण्याच्या तज्ज्ञांकडून कमी प्रवाहाचं निपल, कुशीवर धरून आणि मध्ये मध्ये थांबत पाजणं, हे करून बघा. निपलचं भोक कापून मोठं करू नका, प्रवाह बेभरवशाचा होतो.

प्रश्न: बद्धकोष्ठतेची पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर दाट पेयातून देता येईल का?

उत्तर: स्टार्चने दाट केलेल्या पेयात नको, ते पाण्यासारखं पातळ होतं आणि मुलाला धोका होतो. पेय दाट करायच्या पावडरीच्या तुमच्या डब्यावर स्टार्च लिहिलं आहे की झँथन गम, हे डॉक्टरांना दाखवून पर्याय विचारा. तो डबा मुलाच्या हाती लागू देऊ नका. कोरडी पावडर तोंडात गेली तर लाळेने फुगून श्वास अडतो.