नाशिकमध्ये कोयत्याने हल्ला झाला, आरोपी सापडलेले नाहीत. जखमी भावाला सरकारी भरपाई मिळू शकते का?

तुम्ही दिलेली माहिती अशी: भाऊ अंबड एमआयडीसीत मशीन ऑपरेटर, कामावरून सिडकोतल्या घरी येताना वार झाले, उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत, खासगी हॉस्पिटलचं बिल तीन लाखांवर गेलं. गुन्हा अज्ञात इसमांवर दाखल आहे आणि पोलीस ठाण्यात सांगतात, "आरोपी सापडू द्या, केस चालू द्या, मग कोर्ट बघेल."

थांबायची गरज नाही. आरोपी सापडलेला नाही म्हणूनच तुम्हाला थेट अर्ज करता येतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९६ (१ जुलै २०२४ च्या आधी हेच फौजदारी प्रक्रिया संहितेत ३५७-अ होतं) त्यातलं उपकलम ४ वाचा. गुन्हेगाराचा माग लागत नाही, खटला उभा राहत नाही, पण पीडित कोण हे माहीत आहे, अशा वेळी पीडित किंवा त्याच्यावर अवलंबून असलेले लोक जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे भरपाई मागू शकतात. प्राधिकरणाने चौकशी दोन महिन्यांत संपवायची असते. पोलिसांकडे या पैशाबाबत निर्णयाचा अधिकार नसतो, त्यामुळे ठाण्यात हेलपाटे घालून उपयोग नाही. तिथून फक्त कागद मिळवायचे.

प्राधिकरणाचं कार्यालय नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळ, जिल्हा न्यायालयाच्या आवारात आहे. फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. अडलात तर १५१०० या विधी सेवा हेल्पलाइनवर विचारा. मालेगाव, निफाड, येवल्याकडच्या वाचकांनी आधी आपल्या तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीत चौकशी करावी, नाशिकची फेरी वाचू शकते.

अर्ज सचिवांच्या नावे करा आणि त्यात हळहळ कमी, तपशील जास्त ठेवा. तारीख, वेळ, ठिकाण, गुन्हा रजिस्टर नंबर, "आरोपी अज्ञात". मग दुखापत, पण नुसतं "हाताला गंभीर मार" नको. "उजव्या हाताची तर्जनी व मधलं बोट वळत नाही, पाना धरता येत नाही" असं लिहा. मग पगार किती, कोणत्या तारखेपासून कामावर नाही, घरात खाणारी तोंडं किती. सोबत एफआयआरची प्रत (पीडिताला ती मोफत मिळते, नाही दिली तर लेखी मागा), डिस्चार्ज कार्ड, पावत्या, पगाराच्या स्लिपा, आधार, रेशनकार्ड, पासबुकाची झेरॉक्स. हॉस्पिटलने दिलेलं एस्टिमेट जोडू नका, पैसे भरल्याच्या पावत्याच जोडा. दुसऱ्या योजनेतून काही मिळालं असेल तर ते लपवू नका. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेऊनच परत या.

आता जिथे बहुतेक अर्ज अडकतात ते सांगतो: दुखापतीचं प्रमाणपत्र. डिस्चार्ज कार्ड म्हणजे हे प्रमाणपत्र नव्हे. पोलीस हॉस्पिटलला पत्र देतात, डॉक्टर अभिप्राय लिहितात, साधी दुखापत की गंभीर. वार झाल्याच्या रात्री बोटं वळतील की नाही हे डॉक्टरही सांगू शकत नाहीत, म्हणून अभिप्राय राखून ठेवला जातो. पुढे तो अंतिम अभिप्राय आणायला कुणी फिरकतच नाही आणि कागदावर हात कायमचा अर्धवट राहतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ प्रमाणे हाड मोडणं, सांध्याची किंवा अवयवाची ताकद कायमची कमी होणं, किंवा दुखापतीमुळे १५ दिवस रोजची कामं करता न येणं, हे सगळं गंभीर दुखापतीत येतं. तपासी अंमलदाराला लेखी विनंती करा की अंतिम अभिप्राय मागवून घ्या. पहिल्या जबाबात बोटांचा उल्लेख राहिला असेल तर पुरवणी जबाब द्या. आणि केसपेपरवर पहिल्या रात्री कुणी घाईत "पडून लागलं" असं तर लिहून दिलं नाही ना, ते आत्ताच बघा. लोक भीतीपोटी असं सांगतात आणि तोच एक शब्द नंतर नडतो. उपचार संपून हात स्थिरावला की त्र्यंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयातून अपंगत्वाचा दाखला घ्या. टक्केवारीवर बरंच अवलंबून असतं.

अपेक्षा मात्र मोजून ठेवा. ही बिलाची परतफेड नाही. राज्याच्या योजनेच्या तक्त्यात दुखापतीच्या प्रकारानुसार रक्कम ठरते, तीन लाख खर्च झाले म्हणून तीन लाख मिळतील असं नाही. तातडीची गरज असेल तर त्याच अर्जात अंतरिम मदत वेगळी मागा, कलम ३९६ च्या उपकलम ६ मध्ये ती सोय आहे. न मागता ती सहसा कुणी देत नाही.

तपास थंडावला तर पोलीस कोर्टात "अ समरी" पाठवतील, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी मिळाला नाही. लोक हे ऐकून खचतात. तुमच्या अर्जासाठी मात्र तो चांगला कागद आहे, मंजूर झाल्यावर नक्कल काढून ठेवा. "ब" म्हणजे खोटी फिर्याद. तसं काही आलं तर लगेच हरकत घ्या.

उद्या आरोपी सापडले तर प्राधिकरणाला लेखी कळवा आणि खटला जिथे चालेल त्या कोर्टात सरकारी वकिलांमार्फत भरपाईच्या शिफारशीचा अर्ज द्या. आरोपी सुटला तरी कोर्ट शिफारस करू शकतं. भरपाईचा विचार केला की नाही हे कोर्टाने निकालात नोंदवलंच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये अंकुश शिवाजी गायकवाड विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सांगितलं आहे. दंडाच्या रकमेतून द्यायची भरपाई मात्र अपिलाची मुदत संपेपर्यंत, आणि अपील झालं तर त्याचा निकाल लागेपर्यंत हातात येत नाही.

तुम्ही विचारलं नाही, पण भावाचा पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा) कापली जात असेल तर पैसा तिकडून लवकर येऊ शकतो. आजारपणाचा लाभ पगाराच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. कामावरून घरी येताना झालेली इजा कामाशी जोडून दाखवता आली तर ९० टक्क्यांचा वेगळा लाभ आहे. त्यासाठी कंपनीने अपघात अहवाल पाठवावा लागतो. एचआरच्या मागे लागा.

बलात्कार, अॅसिड हल्ला आणि पोक्सोच्या ठरावीक गुन्ह्यांत नियम वेगळे आहेत. तिथे खासगी हॉस्पिटललाही मोफत उपचार करावेच लागतात (कलम ३९७). कोयत्याच्या वाराला हे लागू नाही, म्हणून तुमच्याकडून बिल घेतलं गेलं. बलात्कार, अॅसिड हल्ला, पोक्सोच्या पीडितांसाठी राज्याची मनोधैर्य योजना आहे, १० लाखांपर्यंत, अर्ज याच प्राधिकरणात. अॅट्रॉसिटीचा (अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचाराचा) गुन्हा असेल तर समाजकल्याण विभाग बघायचा. अॅट्रॉसिटीतल्या खुनाच्या प्रकरणात वारसांना ८ लाख २५ हजार, निम्मे शवविच्छेदनानंतर, निम्मे दोषारोपपत्र कोर्टात गेल्यावर.

अर्ज नामंजूर झाला किंवा रक्कम फारच कमी वाटली तर मुंबईच्या राज्य विधी सेवा प्राधिकरणाकडे अपील करता येतं. आदेश हातात पडल्याची तारीख त्यावर लिहून ठेवा, मुदत मोजायला लागते.

खातं भावाच्या एकट्याच्या नावाचं द्या आणि आधार, एफआयआर, पासबुक या तिन्हींवर नाव अक्षरशः सारखं आहे ना ते बघा. उजव्या हाताची बोटं वळत नाहीत म्हणजे सही बदलली असणार. रक्कम जमा व्हायच्या आधीच बँकेत जाऊन नवी सही नोंदवून घ्या.