ख्रिसमसपुरतं तीन आठवडे नेल आर्टचं काम करावं का? घरचे म्हणतात, 'सीझनचं काम म्हणजे काम नाही'

बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहेस म्हणजे माझ्या भाचीएवढी. म्हणून अहो-जाहो न करता लिहिते, राग मानू नकोस. तू विचारलंस की नागपूरच्या सदरमधल्या एका नेल स्टुडिओत ५ ते २५ डिसेंबर काम मिळतंय, कोर्स झालेला आहे, तर जावं का आणि पैसे किती मागावे. जा. पैशांचं खाली येईल. पण शेवटी घरच्यांचं जे वाक्य टाकलंस ना, ते वाचून मी हातातला ब्रश खाली ठेवला. बारा वर्षं झाली हे वाक्य ऐकून राहिली मी. माझ्याकडे ते मोठ्या बाबांच्या तोंडून येतं.

मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. काटोलजवळ त्यांची संत्र्याची बाग आहे. माणूस वाईट नाही, माझ्या कोर्सचे अर्धे पैसे त्यांनीच दिले. पण दिवाळीत, लग्नात, तेरवीत, कुठंही भेटले की चार लोकांसमोर एकच: "हे का काम होय का वो? दुसऱ्याचे नखं घासनं. थेही डिसेंबरात. बाकीचं वर्ष का करतं तू?"

आता २०१८च्या डिसेंबरचं सांगते. तेव्हा माझं स्वतःचं दुकान नव्हतं. सदरमध्ये एका पार्लरच्या कोपऱ्यात टेबल भाड्यानं घेतलं होतं. एक लॅम्प, दोन खुर्च्या आणि भिंतीला टेकवलेला बाक. त्या वर्षीची थंडी नागपूरकरांना आठवत असेल, २९ तारखेला पारा ३.५ अंशांवर गेला होता. नाताळाला एवढी नव्हती, पण नखांना लावायचं जेल, म्हणजे लॅम्पच्या उजेडात कडक होणारं पॉलिश, काकवीसारखं घट्ट व्हायला पुरेशी होती. घट्ट जेलचा थर जाड बसतो, जाड थर लॅम्पखाली वरून कडक होतो, आतून कच्चा राहतो आणि चार दिवसांत सोलून निघतो. लाल आणि काळ्या रंगात तर जास्तच, कारण रंगच उजेड अडवतो. म्हणून मी बाटल्या स्टीलच्या डब्यात कोमट पाण्यात उभ्या करून ठेवायची. पार्लरवाल्या ताई येणाऱ्या प्रत्येकीला सांगायच्या, हिनं अंडी उकडायला टाकलीत.

२४ तारखेला सदरमध्ये काम करायची मजा मी दुसऱ्या कुठल्या दिवसाशी बदलणार नाही. ऑल सेंट्स आणि सेंट फ्रान्सिस डी सेल्स ही दोन्ही कॅथेड्रल तिथंच, मोहननगर हाकेच्या अंतरावर. रात्रीच्या प्रार्थनेला जायचं म्हणून दुपारपासून बाक भरलेला. मराठी घरातल्या बायका 'नाताळ' म्हणतात, हिंदीवाल्या 'बडा दिन', कॉलेजच्या पोरी 'ख्रिसमस', आणि तिघी एकाच बाकावर बसून एकमेकींची नखं बघत असतात. डब्यातून करंज्या आणि केक एकदमच बाहेर येतो. वर्षभर फिकट गुलाबीच्या पलीकडे न जाणारी बँकेतली बाई डिसेंबरात येते आणि म्हणते, रेनडिअर काढ, नाक लाल हवं. तिला कारण विचारायचं नसतं.

आणि शिकायला मिळतं ते वेगळंच. मी ख्रिश्चन नाही. पहिल्या वर्षी मी सरसकट लाल-हिरवं-सोनेरी करत सुटले होते. मोहननगरच्या एका मुलीनं डिसेंबरच्या सुरुवातीला मला थांबवलं. म्हणाली, ताई, आत्ता नाताळाआधीचा आगमनकाळ चालू आहे, चार रविवारच्या चार मेणबत्त्या असतात, तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची गुलाबी, मधली पांढरी नाताळाची. चार बोटं आणि एक अंगठा! देवानं हात जणू याच डिझाइनसाठी दिलाय. तेव्हापासून दर वर्षी १५ तारखेपर्यंत माझं हेच डिझाइन सगळ्यात जास्त जातं. नेटवर सतराशे साठ स्नोफ्लेक पडलेत, पण नागपुरात बर्फ कोणी बघितलाय?

तर २४ची संध्याकाळ. चर्चच्या क्वायरमध्ये कीबोर्ड वाजवणाऱ्या एक आंटी आदल्या दिवशी माझ्याकडून ॲक्रिलिकची लांब नखं लावून गेल्या होत्या. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. दोन्ही हातांच्या अनामिकेवर सांता: मुळाशी लाल टोपी, मध्ये चेहरा, टोकाला पांढरीशुभ्र दाढी. मलाच फोटो काढावासा वाटला, काढलाही. साडेपाचला त्या धापा टाकत परत. प्रॅक्टिसला बसल्या आणि प्रत्येक पट्टीवर टकटक, टकटक. गाण्यापेक्षा नखंच जास्त वाजत होती म्हणे. फादर काही बोलले नाहीत, पण पोट्टे हसले.

चूक माझी होती. हे तुला कोर्समध्ये शिकवलं नसेल म्हणून सांगते: लांबी ठरवायच्या आधी हात काय काम करतात ते विचारायचं. कीबोर्ड, गिटार, नर्सिंग, पोळ्या, तान्हं बाळ. मी विचारलं नव्हतं. बाकावर सहा जणी, आणि मला दहा नखं उतरवायची होती. पैसे घेणार नव्हतेच. मशीन लावून लांबी कमी केली तशी दोन्ही सांतांची दाढी गेली. लाल टोपीखाली नुसता चकचकीत चेहरा. आंटी बोटं डोळ्यांजवळ नेऊन म्हणाल्या, "अगं, हा तर दाढी करून आला."

नेमके तेव्हाच मोठे बाबा आले. कळमन्याच्या बाजारात संत्र्याचा माल उतरवला होता, आणि रात्री मला स्कूटरवरून घरी सोडून मुक्काम करायचा बेत होता. म्हणजे स्कूटर माझी, सोडणार मीच, पण ते असंच सांगतात. हातात संत्र्यांची थैली. जागा नव्हती म्हणून बाकाच्या टोकाला, केस रंगवायला बसलेल्या बाईशेजारी, टोपी मांडीवर घेऊन बसले. आणि बसल्या बसल्या सुरू: "हे का काम होय का वो?" सहाच्या सहा जणी माझ्याकडे बघायला लागल्या.

मी उत्तर दिलं नाही. मशीन चालू होतं. आंटींनी मात्र थैलीकडे बघितलं, नखाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "सांता राहू दे. संत्रा काढ."

लाल रंगावर नारिंगी चढत नाही, मातकट दिसतो. टॉप कोट घासून मी आधी पांढरा दिला, लॅम्प, मग नारिंगी, लॅम्प, वर बारीक लायनरनं हिरवं पान. दुसऱ्या हाताला सुरुवात केली तोवर मोठे बाबा उठून माझ्या खांद्यावरून वाकलेले. "हे का संत्रा होय? संत्रा असा चेंडूवानी राह्यते का? वरून-खालून दबेल राह्यते." थैलीतलं एक काढून टेबलावर ठेवलं. "हे पाय. अन् देठापाशी जरासा वर. सालीवर बारीक ठिपके दे. गुळगुळीत तं प्लास्टिकचा दिसून राह्यला." मी टोकदार सुईनं ठिपके दिले. त्यांनी आंटींचा हात चक्क स्वतःच्या हातात धरला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "आता कसा आंबिया बहाराचा वाटते."

बाकावरच्या सहापैकी चौघींनी संत्रा मागितला. त्या वर्षीच्या नाताळात सदरच्या चर्चमध्ये किमान पाच बायका बोटावर नागपुरी संत्रा घेऊन उभ्या होत्या, आणि त्यांना कॅरोलची साथ करायला एक कीबोर्ड होता जो आता टकटक करत नव्हता.

साडेनऊला गल्ला मोजला. मोठ्या बाबांनी विचारलं, किती. मी सांगितलं. ते गप्प झाले, बोटांवर काहीतरी मोजलं. आज कळमन्यात मिळाला त्या भावानं इतके पैसे म्हणजे किती क्रेट, हेच मोजत होते, मला ठाऊक आहे. मला वाटलं, आता निघेल तोंडातून. निघालं ते असं: "पन रोज थोडीच भेटते हे?"

स्कूटरवर मागे बसून थंडीनं दात वाजत होते त्यांचे, म्हणून मी तेव्हाही बोलले नाही. आज बोलते, तुझ्या घरच्यांच्या निमित्तानं. आंबिया बहाराला जानेवारी-फेब्रुवारीत फूल येतं आणि तोडा नोव्हेंबर-डिसेंबरात. मृग बहाराचं फूल पावसाळ्याच्या तोंडावर, तोडा फेब्रुवारी-मार्चला. वर्षाचे पैसे त्या काही आठवड्यांत. मधे गारपीट झाली तर तेही नाही. फूल यावं म्हणून झाडाचं पाणी तोडून त्याला ताण देता, तेव्हा तर झाड नुसतं उभं असतं. त्याला कोणी म्हणतं का, बाकीचं वर्ष तू काय करतोस? चितार ओळीत गणपती घडवणाऱ्याला विसर्जनानंतर कोणी विचारतं का? लग्नातल्या बँडवाल्याला? मोठ्या बाबा, तुमचा बहार ती शेती आणि माझा डिसेंबर तो टाइमपास, हे गणित मला कोणी सोडवून दाखवावं. आणि बाकीचं वर्ष मी काय करते, तर नवरात्र करते, दिवाळी करते, लग्नसराई करते आणि संक्रांतीला काळ्यावर हलव्यासारखे पांढरे ठिपके देते. नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं. नाताळाला केलेलं नख संक्रांतीपर्यंत मुळाशी उघडं पडतं, आणि बाई परत येतेच. एक सीझन दुसऱ्याला हात देतो.

असो. तुझ्या पैशांचं. नुसतं कमिशन घेऊ नकोस, नुसता दिवसाचा रोजही नको. दोन्ही माग. रोज कमी चालेल, पण आर्टच्या प्रत्येक नखामागे तुझा हिस्सा आधी ठरव, कारण डिसेंबरात पैसा साध्या जेल पॉलिशमध्ये नाही, वरच्या कारागिरीत आहे. माझ्याकडे मदतीला येणाऱ्या मुलीला मी नखामागे घेतलेल्या आर्टच्या पैशांतले निम्मे देते आणि हिशोब रोज रात्री करते. 'सीझन संपला की एकदम देऊ' असं कोणी म्हटलं तर निघून ये. मी टेबल घेण्याआधी जिथं होते तिथं असंच म्हणाले होते, आणि माझ्या डिसेंबरचे पैसे मला होळीला मिळाले, तेही तुकड्या-तुकड्यानं. सहाशे रुपये अजून बाकी आहेत. विसरले नाही.

कँडी केन कर सांगितलं तर आधी पांढरा, मग लाल पट्टे. उलट केलंस तर पांढऱ्याचे दोन हात आणि दुप्पट वेळ. स्वेटरची वीण काढायची तर मॅट टॉप कोटवर जाड जेलच्या रेषा, त्यावर परत टॉप कोट नाही, नाहीतर वीण बुजते. बाकी तुला येत असेल.

हे आधी लिहायला हवं होतं, पण राहिलं: कच्चं जेल कातडीला लागू देऊ नकोस, गिऱ्हाइकाच्याही आणि स्वतःच्याही. त्यातल्या मेथाक्रायलेटची ॲलर्जी एकदा झाली की जन्माची, पुढे दातात फिलिंग करतानासुद्धा त्रास देऊ शकते. तीन आठवडे रोज दहा-बारा हात म्हणजे थोडं नाही. ग्लोव्ह्ज घाल, फाइल करताना मास्क लाव, आणि स्टुडिओत कोणतं जेल वापरतात ते बाटली फिरवून वाच. युरोपात टीपीओ (जेल लॅम्पखाली कडक व्हावं म्हणून घालतात ते रसायन) घातलेल्या जेलवर १ सप्टेंबर २०२५ पासून बंदी आहे, बाटलीवर ते नाव दिसलं तर विचार. लॅम्प त्याच जेलला चालणारा आहे का तेही. पाठ जाते, हे वेगळं सांगत नाही. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन चालू असलं की मोर्च्यांमुळे सिव्हिल लाइन्सकडून सदरला यायला वेळ लागतो, अर्धा तास आधी निघ. आणि परीक्षा जवळ असेल तर मग माझं काहीच ऐकू नकोस.

एक मात्र नक्की बदलून घे. ५ ते २५ सांगितलंय ना त्यांनी? २५ला कोणी येत नाही. मी पहिल्या वर्षी सकाळी दहापासून लॅम्प लावून बसले होते, संध्याकाळी पार्लरवाल्या ताईंचीच नखं करून घरी गेले. २५ची सुट्टी घे आणि २६ ते ३१ माग. २९पासून नव्या वर्षाची गर्दी सुरू होते, सगळं चकचकीत लागतं, आणि तेव्हा बाटल्या कोमट पाण्यात ठेवायला विसरू नकोस. झाकण घट्ट लावून. पाणी आत शिरलं की बाटली गेली.