पाळण्याजवळ आणखी एक माणूस

इंग्लंडमधल्या स्विंडनहून, मूळच्या गोव्यातील डिचोलीच्या एक आई लिहितात: "माझी १९ वर्षांची मुलगी पाच आठवड्यांपूर्वी बाळंत झाली. बाळाच्या वडिलांशी संबंध उरलेला नाही. कोवळ्या वयाच्या आयांकडून मुलांचे हाल होतात असे वाचले. घरी येणाऱ्या हेल्थ व्हिजिटरपुढे (बाळ-बाळंतिणीची चौकशी करणाऱ्या परिचारिकेपुढे) तोंड उघडायची भीती वाटते. दोघांना गावी माझ्या आईकडे पाठवावे का?"

ताई, तुम्ही वाचलेत ते खोटे नाही, पण अर्धे आहे. किशोरवयीन आयांच्या मुलांबाबत हेळसांडीच्या आणि मारहाणीच्या नोंदी अधिक आढळतात हे खरे. मात्र त्याच घरांत पैशाची ओढाताण, सुटलेले शिक्षण, जोडीदाराचा जाच आणि आईने स्वतः लहानपणी सोसलेला मारही बहुधा असतो, त्यामुळे वयाचा वाटा किती नि एकटेपणाचा किती, हे सांगणे अवघड जाते. वय तुम्हाला बदलता येणार नाही. एकटेपणाचे मात्र पुष्कळ काही करता येईल.

सध्याचे दिवस जपण्याचे आहेत. तान्ह्याचे रडणे साधारण सहाव्या ते आठव्या आठवड्यात सर्वाधिक असते आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत उतरते. पोट भरलेले, लंगोट कोरडा, तरी संध्याकाळी तासन् तास टाहो चालूच. अशा वेळी थकलेल्या माणसाने बाळाला गदागदा हलवले तर, डोके जड आणि मान लुळी असल्याने, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. वैताग अनावर झाला की बाळाला पाळण्यात उताणे ठेवावे, दार ओढून घ्यावे आणि दहा मिनिटे बाहेर बसावे, हे मुलीला स्पष्ट शब्दांत सांगा. त्यात निर्दयपणा नाही.

आपल्याकडे बाळाला न्हाऊ घालायला येणारी बाई आठवते ना? तेल चोळता चोळता तिची नजर बाळाच्या अंगावरून आणि बाळंतिणीच्या चेहऱ्यावरून फिरे, आणि "पोर रात्रभर जागी आहे, तिला निजू दे" असे ती सासूला चुलीपाशी जाऊन ऐकवी. हेल्थ व्हिजिटरही तशीच आहे. ती ब्रिटनमध्ये प्रत्येक नव्या बाळाच्या घरी जाते, मूल काढून न्यायला आलेली नसते. न्यूयॉर्क राज्यातील एल्मायरा येथे १९७० च्या दशकाच्या अखेरीस अनेक तरुण, गरीब, अविवाहित आयांच्या घरी बाळ दोन वर्षांचे होईपर्यंत परिचारिका जात राहिल्या. १५ वर्षांनी पाहिले तेव्हा त्या घरांतील हेळसांडीच्या आणि अत्याचाराच्या नोंदी इतरांच्या जवळपास निम्म्या होत्या.

राहिला डिचोलीचा प्रश्न. तुमच्या पत्रात मुलीचे स्वतःचे मत कुठेच नाही. स्विंडनमधल्या गोवेकरांना कळू नये म्हणून तिला पाठवत असाल तर पाठवू नका. लपवलेल्या बाळंतिणीकडे कोणी फिरकत नाही आणि धोका नेमका तिथेच वाढतो. तिलाच आजीची ओढ असेल तर दोन-तीन महिन्यांसाठी खुशाल जावे, मात्र लसीकरणाची नोंदवही बरोबर असावी आणि जवळच्या आरोग्य केंद्रात बाळाला दाखवत राहावे. बालकांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन गोव्यातही चालते. दोन आठवड्यांहून अधिक काळ मुलगी उदास राहिली, बाळाकडे पाहीनाशी झाली, तर डॉक्टरांची वेळ तुम्हीच घ्या.

हेल्थ व्हिजिटरच्या पुढच्या भेटीच्या दिवशी चहा करून द्या आणि बाळाला घेऊन दुसऱ्या खोलीत बसा. काय बोलायचे ते मुलीला बोलू दे.