आधी गोळी, किटचं नंतर बघू

अगं, बाळासाठी प्रयत्न सुरू करतेयस, तर ओव्ह्युलेशन किटवर (स्त्रीबीज कधी सुटेल ते सांगणारी घरगुती चाचणी) एवढ्यात पैसे घालू नकोस. आज सुरू करायची ती फॉलिक ॲसिडची गोळी: रोज ४०० मायक्रोग्रॅम, दिवस राहायच्या निदान महिनाभर आधीपासून. जनऔषधी केंद्रात विचार. दुकानदार सर्रास ५ मिलिग्रॅमची देतात. ती डॉक्टरांनी लिहून दिली तरच घे.

मुंबईतली केईएम, सायन, नायर ही रुग्णालयं, त्यातलं जे जवळ पडेल तिथे सकाळी लवकर केसपेपर काढ. हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर आणि दोघांची थॅलेसेमियाची (आनुवंशिक रक्तविकाराची) तपासणी विचारून घे. रुबेलाची लस राहिली असेल तर आत्ताच घे, कारण लसीनंतर प्रयत्नांसाठी महिनाभर थांबावं लागतं.

पाळी नियमित असेल तर साधी वही पुरे. पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी स्त्रीबीज सुटतं. तो दिवस आणि आधीचे पाच महत्त्वाचे. दिवसाआड जवळ आलात तरी चालतं. विरार लोकलमधून चेंगरून आल्यावर रोजचा हट्ट कोण धरणार!

आणि नवऱ्याची वीर्यतपासणी. सोपी, बाकीच्यांच्या मानाने स्वस्त, तरी सगळ्यांत शेवटी होते. तुला काढे पाजणारे ढीगभर भेटतील, त्याला कुणी विचारत नाही. तंबाखू-सिगारेट मात्र त्याची आजच बंद.

पस्तिशीच्या आत असशील तर वर्षभर, पुढे असशील तर सहा महिने प्रयत्न करा, मग स्त्रीरोगतज्ज्ञ. पाळी अनियमित असेल तर आधीच जा.